इच्छा कुठे गेली

५ जानेवारी २०२५

पतसंस्थेची फुकट डायरी दरवर्षी उज्वला मापं लिहायला घेते. यंदा मी म्हटलं, मला पाहिजे. तिने भुवई वर केली आणि दिली.

अठ्ठावीस वर्षं वीज प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये तासातासाला आकडे लिहितोय. दाब किती, तापमान किती, काय चालू, काय बंद. मशीनचा एक तास माझ्या हातून कोरा गेला नाही, स्वतःबद्दल मात्र एक अक्षर लिहिलेलं नाही. म्हणून आता लिहायला बसलोय.

मी जयराम गांगुर्डे, वय बावन्न. एकलहऱ्याच्या वसाहतीत तळमजल्याचं क्वार्टर. मुलगी प्रज्ञा पुण्यात नोकरीला, घरात आम्ही दोघंच. उज्वला घरी ब्लाउज शिवते, अर्ध्या वसाहतीची मापं तिला तोंडपाठ आहेत.

आता खरं काय ते लिहितो. वही जुन्या युनिफॉर्मखाली राहणार आहे, कुणी वाचत नाही. अकरा महिने झाले, आम्ही नवरा-बायको म्हणून जवळ आलेलो नाही. आधी दोन-तीनदा मला जमलं नाही. मग पुन्हा फजिती नको म्हणून मी प्रयत्नच सोडला. आणि मग कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, पण इच्छाच निघून गेली. पुरुषाच्या शरीराचं सकाळी जे आपोआप होतं तेही बंद. इच्छा छत्रीसारखी कुठेतरी विसरून आलो म्हणावं, तर कुठे तेही आठवत नाही.

मला नाईट असली की दिवसा झोप मिळावी म्हणून उज्वला तिचं अंथरूण आणि मशीन आतल्या खोलीत न्यायची. नाईटचा आठवडा संपला की अंथरूण परत यायचं. वीस वर्षं असंच चाललं. दिवाळीपासून मला जनरल शिफ्ट आहे, नव्या पोरांना शिकवायला घातलंय. तरी तिचं अंथरूण आतच आहे. मी बोलावत नाही, ती येत नाही.

भीती एकच आहे. हे असंच राहिलं तर उज्वला माझ्या हातातून जाईल. ती तोंडाने काही म्हणत नाही, आणि तेच जास्त ऐकू येतं.

१२ जानेवारी

दुपारी झोपलो. स्वप्नात दारणा नदीचं पाणी आमच्या घरात आलेलं. गुडघाभर, कोमट, आणि कुणी घाबरत नाही. कपाट तरंगतंय, कपाटावर एक बगळा. उज्वला वीस वर्षांची, पाण्यातच मांडी घालून हिरवे हरभरे सोलतेय. एकेक घाटा माझ्या हातात देते. मी उघडतो तर आत दाणा नाही. ती म्हणते, अजून पुष्कळ आहेत. मी उघडत राहतो.

जाग आली तेव्हा खिडकीत कूलिंग टॉवरची वाफ होती, उन्हाने पिवळी झालेली. बराच वेळ मला कळेना की घरातलं पाणी कधी ओसरलं. फरशीला हात लावून पाहिला, कोरडी. तोंडात मात्र हरभऱ्याची चव होती. हे उज्वलाला सांगावंसं वाटलं. आत मशीनचा आवाज चालू होता, म्हणून नाही सांगितलं.

१९ जानेवारी

आज विहारात वंदनेनंतर तृष्णेवर बोलणं झालं. दुःखाच्या मुळाशी तृष्णा. ऐकता ऐकता मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. म्हणजे माझं बिघडलेलं काहीच नाही, उलट मी चार पावलं पुढे गेलोय. लोक त्यासाठी दहा-दहा दिवस मौन धरून बसतात, मला घरबसल्या मिळालं.

घरी येऊन उज्वलाला आडून आडून सांगितलं, की वय झालं की माणसाची तृष्णा गळून पडते आणि ते चांगलंच असतं. ती पोळ्या लाटत राहिली. मग ताट आलं. वांग्याच्या भाजीत मीठ कमी. मी ताट सरकवलं.

"तृष्णा गेलेला माणूस मिठावरून ताट सरकवत नाही," ती म्हणाली.

उगाच टोमणे मारायचे. पण मीठ असलं तरी हल्ली चव लागत नाही, हेही खरं. बोंबलाच्या चटणीवर जीव टाकणारा मी, परवा ती तशीच वाटीत राहिली. उज्वला म्हणते, आंघोळ करताना तुम्ही शीळ घालायचात, ती पण बंद आहे. मी कधी शीळ घालायचो, मला तर आठवत नाही.

२४ जानेवारी

नव्या बॅचमध्ये चैताली म्हणून एक मुलगी आहे, चलाख आहे. ट्रेनिंग रूममध्ये नकली पॅनल आहे, त्याच्यावर आम्ही मुद्दाम अलार्म देतो आणि पोरं काय करतात ते बघतो. आज मी एका बेअरिंगचं तापमान वाढल्याचा अलार्म दिला. हॉर्न वाजला, पॅनलवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. चैतालीने अ‍ॅक्सेप्टचं बटण दाबलं. हॉर्न गप्प. ती हात बांधून खुश.

मी सगळ्यांदेखत झापलं. बटण दाबल्याने आवाज बंद होतो, बिघाड बंद होत नाही. ते बटण म्हणजे, मला समजलं, एवढंच. त्यानंतर उठून बघायला जायचं असतं. अलार्म हा तुमचा शत्रू नाही, पोरांनो, तो सगळ्यात आधी धावत आलेला निरोप्या आहे. पोरं वहीत उतरवून घेत होती. मला स्वतःचंच बोलणं आवडलं.

शिकवताना डावा खांदा भरून आला होता. खडू धरून धरून होतं. अ‍ॅसिडिटीची एक गोळी घेतली, बरं वाटलं.

घरी हे सगळं उज्वलाला रंगवून सांगितलं. तिने चैतालीचं वय विचारलं, राहते कुठे ते विचारलं, लग्न झालंय का ते विचारलं. माझ्या कामात तिने इतका रस कधी घेतला नव्हता. बरं वाटलं.

३० जानेवारी

उज्वलाचा आज ट्रेनिंग रूमच्या फोनवर फोन. डबा विसरलात का, म्हणून. डबा माझ्या टेबलावर होता. मी म्हटलं, माझ्या मोबाइलवर का नाही केलास? तर म्हणे, सहज. काळजी करते बिचारी.

४ फेब्रुवारी

नवनाथ माझ्याच बॅचचा, टर्बाइनला आहे. चहाला बसलो असताना तो आपणहून म्हणाला की एक निळी गोळी येते, तासाभरात माणूस पंचविशीचा. मी म्हटलं, मला काय करायचीय? तो म्हणाला, तुला कोण म्हणतंय, मी आपलं माहिती सांगतोय. आणि माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला.

नाशिकरोडला सगळे मेडिकलवाले ओळखतात. शहरात गंगापूर रोडला प्रज्ञाच्या मैत्रिणी. कुठे जावं? चाळीस किलोमीटरच्या आत मला तोंड दाखवायला जागा नाही.

८ फेब्रुवारी

पिंपळगाव बसवंतला जाऊन आलो. रजा टाकली आणि उज्वलाला सांगितलं, कामावर जातो.

बसमध्ये खिडकी मिळाली. हायवेला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, कागदात बांधलेले घड, क्रेट भरलेले टेम्पो. उन्हात डोळा लागला. मला वाटत होतं बस थांबलीय आणि बागाच चालल्यात, पानांच्या खालून गार हिरवा उजेड पुढे सरकतोय, आणि त्यात कुणीतरी माझं नाव घेतंय. कंडक्टरने हलवलं तेव्हा उतरलो.

एका आडगल्लीत दुकान सापडलं. कोंडाजी म्हणून म्हातारे दुकानदार, चष्मा कपाळावर. दोन बायका होत्या. त्या जाईपर्यंत मी खोकल्याचं औषध, बाम आणि कापूस घेतला. त्या गेल्या तर तिसरी आली, मग टूथब्रश घेतला. शेवटी दुकान रिकामं झालं आणि मी काउंटरवर वाकून गोळीचं नाव सांगितलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वय विचारलं. बीपी, शुगर कधी तपासली का? नाही तपासली. ओझं उचललं की छाती भरते का, खांदा नाहीतर जबडा दुखतो का? मी म्हटलं, बाबा, मी हमालीला आलेलो नाही, गोळी द्या.

"चिठ्ठीबिगर ही गोळी मी देत नाय, दादा," ते म्हणाले. "आन् चिठ्ठी आणली तरी आधी छातीच्या डॉक्टरकडं धाडीन. खालचं बंद पडलं की लय वेळा वरचं बंद पडायच्या बेतात असतंय."

एका कागदावर त्यांनी डॉक्टरचं आडनाव आणि पत्ता लिहून दिला, गंगापूर रोडचा. म्हणजे फिरून तिथेच. म्हाताऱ्याला काय धंदा करायचाय की नाही कोण जाणे. खोकला नसताना खोकल्याचं औषध घेऊन घरी आलो.

१० फेब्रुवारी

शर्ट भिजवताना उज्वलाला खिशात एसटीचं तिकीट सापडलं. पिंपळगावला कोण आहे, तिने विचारलं. मी गडबडलो आणि म्हणालो, द्राक्षं बघायला गेलो होतो. मग आणलीत कुठे? म्हटलं, आंबट होती.

"फेब्रुवारीत आंबट," असं ती स्वतःशीच म्हणाली आणि शर्ट बादलीत खाली दाबून धरला, बुडबुडे थांबेपर्यंत. बायकांना ना, नको त्या चौकशा. नशीब, डॉक्टरचा कागद मी पाकिटात ठेवला होता.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी उज्वलाने हळदी रंगाची साडी नेसली. मला वाटलं कुठे कार्यक्रम आहे. तिने पुढचं दार लावलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि मानेवर हात ठेवला. तिचा हात मला ओळखीचा वाटला आणि खूप लांबून आल्यासारखाही वाटला. आता काही होणार नाही, आणि तिला कळणार की होत नाही. मी म्हणालो, कमरेत चमक भरलीय गं.

तिने हात काढून घेतला. मागे मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी तर चार वाजताच घासून झाली होती. एवढी स्वच्छतेची आवड कशाला ते मला कळत नाही.

१८ फेब्रुवारी

उज्वला मनमाडला गेली, बहिणीकडे, ललिताकडे. तिथे लग्नाचे ब्लाउज शिवायचेत म्हणाली, आठ-दहा दिवस लागतील. शिलाई मशीनपण नेलं. मी म्हटलं, ललिताकडे मशीन आहे की, आठ दिवसांसाठी हे ओझं कशाला? तर म्हणाली, मला माझ्याच मशीनची सवय आहे.

रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "थांब म्हणायचंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, गाडी चुकेल.

रिक्षा वळणावरून गेली आणि मी तिथेच उभा राहिलो. आतल्या खोलीत मशीनच्या पायांच्या चार खुणा आहेत फरशीवर. दुसरं काही नाही.

२३ फेब्रुवारी

स्वप्न. मी कूलिंग टॉवरच्या आत, अगदी तळाला. वरून पाऊस पडतोय, पण तो कोमट आहे आणि त्याला आवाज नाही. वर गोल आभाळ, ताटलीएवढं. त्या ताटलीच्या काठावर बसून उज्वला काहीतरी शिवतेय आणि दोरा खाली सोडतेय. दोरा माझ्यापर्यंत येतो. मी हात वर करत नाही. का करत नाही, ते स्वप्नात मला माहीत होतं. जाग आल्यावर विसरलो.

रोज फोन करतो. ती म्हणते, काम आहे अजून. जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो. उशीवर तिच्या तेलाचा वास शोधला, लाज वाटते लिहायला, पण शोधला. शेजारच्या उशीला तो नव्हता, तिची उशी केव्हाच आतल्या खोलीत गेली होती.

२६ फेब्रुवारी

पाण्याचा जार दारातून ओट्यापर्यंत नेला. नेहमी आम्ही दोघं मिळून नेतो. मध्येच छातीत असं भरलं, जसं कुणी आत उशी कोंबतंय. जबडा दुखायला लागला. जार खाली ठेवून जमिनीवर बसलो, घाम. दहा मिनिटांत गेलं. गॅसेस असणार, एकट्यासाठी काय बाहेरचा वडापाव खातोय.

बसल्या बसल्या दुसराच विचार केला. उज्वला परत यायला पाहिजे. तिला परत यावंसं वाटायचं तर मी धड व्हायला पाहिजे. धड व्हायचं तर गोळी पाहिजे, आणि गोळीसाठी चिठ्ठी. म्हाताऱ्याने दिलेल्या डॉक्टरची वेळ घेतलीय शनिवारची. छातीचा डॉक्टर तर छातीचा, चिठ्ठी दिल्याशी मतलब.

१ मार्च

डॉक्टर बाई निघाल्या, डॉ. मोहिनी देवरे. चाळिशीच्या. मी परत फिरणार होतो, पण नाव पुकारलं गेलं होतं. पहिली पाच मिनिटं मी खोकल्याबद्दल बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, गांगुर्डे, खोकल्यासाठी कुणी एकलहऱ्याहून हृदयाच्या डॉक्टरकडे येत नाही.

मग सांगितलं. जमिनीकडे बघून सगळं सांगितलं. अकरा महिने, नव्हे आता तेरा. त्या मध्ये हसल्या नाहीत, लाजल्या नाहीत, माझ्यावर दया तर अजिबात दाखवली नाही. त्यांनी विचारलं, इच्छा आधी गेली की जमणं आधी गेलं? हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. जमणं आधी, मी म्हणालो. मग भीती. मग इच्छा.

ईसीजी झाला. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं, चौथ्या मिनिटाला त्यांनी स्वतःच बंद केलं. जबड्याचं, खांद्याचं विचारलं. पाण्याच्या जारचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

मग त्यांनी कागदावर नळ्या काढल्या. हृदयाच्या जाड, खालच्या बारीक. आत थर धरायला लागला की आधी बारीक नळ्या तुंबतात, जाड नळ्यांचा नंबर दोन-चार वर्षांनी येतो. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण तुमच्या वयात हे झालं तर आम्ही छाती तपासतो. मी बॉयलरच्या नळ्यांबरोबर आयुष्य काढलंय. मला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. वर्षभर माझ्या शरीराने हॉर्न वाजवला आणि मी बटण दाबून हात बांधून बसलो होतो. चैतालीला झापायला मी पहिला.

म्हटलं, पण मॅडम, चवही गेली, शीळ गेली, ते पण नळ्यांमुळे? त्या म्हणाल्या, "सुरुवात शरीराने केली, भीतीने ती वाढवली आणि शेवटी मनाने सगळं दुकानच बंद केलं. इच्छा अंथरुणापुरती नसते हो. जेवायची, हसायची, कुणाजवळ बसायची, सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीतलं." मी तृष्णेचं विचारलं, ती गेली असेल का? त्यांनी सांगितलं, धम्माचं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण शांत झालेला माणूस असा खुर्चीच्या कडेवर बसत नाही.

शेवटी विचारलं, इतक्यात काही मनापासून हवंसं वाटलं होतं का? मी विचार न करता बोलून गेलो, बायको परत यायला हवीय. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. औषधाच्या कागदावर. मंगळवारी अँजिओग्राफी ठरली.

बाहेर येऊन मनमाडला फोन लावला. म्हणालो, हृदयाची तपासणी आहे, ये. पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला.

७ मार्च

दवाखान्यातून लिहितोय, प्रज्ञाने वही आणून दिली. वाचलीस का म्हटलं, तर म्हणाली, शी बाबा. पण डोळे लाल होते तिचे.

एक नळी नव्वद टक्के बंद होती. तारेसारखी जाळी बसवली, मनगटातून. टेबलावर मी जागा होतो आणि नव्हतोही. पडद्यावर माझं हृदय दिसत होतं, पाण्यातल्या झाडासारखं हलणारं, आणि एक फांदी मध्येच पुसून टाकलेली. मग ती फांदी हळूहळू भरत गेली, टोकापर्यंत. असं वाटलं की कुणीतरी घरातले दिवे एकामागून एक लावत आत चाललंय. छान झोप आली.

त्याआधी मॅडमनी उज्वलाला आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. यांची इच्छा का गेली, कशी गेली, आणि यांनी लाज सोडून ते बोलून दाखवलं म्हणून हे वेळेत सापडलं. उज्वला ऐकत होती. एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून बाहेर पळत गेली. कॉरिडॉरमध्ये इतकी रडली की नर्स पाणी घेऊन आली. घाबरली बिचारी.

९ मार्च

आज डिस्चार्ज. हे आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

मॅडमनी यादी सांगितली. मीठ कमी, चालणं रोज, ओझं नको, गोळ्या चुकवायच्या नाहीत, कामावर महिन्याने. मी मान हलवत होतो. काही शंका आहे का, त्यांनी विचारलं. माझ्या मनात एकच शंका होती आणि ती ओठांवर येणं शक्य नव्हतं. प्रज्ञा उभी होती, नर्स उभी होती, शेजारच्या कॉटवरचे काका पेपर बाजूला करून ऐकत होते. मी म्हणालो, काही नाही.

"मला आहे," उज्वला म्हणाली. तिच्या हातात फाइल होती, ती तिने छातीशी धरली होती. "आम्ही नवरा-बायको म्हणून कधीपासून जवळ यायचं?"

प्रज्ञाने मोबाइल काढला. काकांनी पेपर वर केला. मला वाटलं जमीन दुभंगावी. आणि मला वाटलं की हिच्याइतकी धीट बाई मी जन्मात पाहिली नाही.

मॅडम म्हणाल्या, बायको हे विचारते असं फार क्वचित होतं, आणि पुरुष तर कधीच विचारत नाहीत, घरी जाऊन वर्षभर घाबरत बसतात. मग नीट उत्तर दिलं. महिनाभर थांबा. न थांबता दोन मजले चढलात, धाप नाही, छातीत दुखणं नाही, की शरीर तयार आहे असं समजा. छाती दुखली तर जिभेखाली ठेवायची एक गोळी दिलीय, तिच्याबरोबर ती निळी गोळी कधीच घ्यायची नाही, जीव जाईल. आणि जमलं नाही तर नुसतं जवळ झोपा. माणसाला माणसाची ऊब लागते, त्याला चिठ्ठी लागत नाही.

उज्वलाने हे सगळं फाइलच्या मागे लिहून घेतलं, ब्लाउजची मापं लिहिते तसं.

१४ एप्रिल

मिरवणुकीला दरवर्षी नाचतो, यंदा गेटपाशी खुर्ची टाकून बसलो. निळ्या गुलालाने रस्ता धूसर झाला होता, माणसं त्यातून तरंगत आल्यासारखी येत होती. ढोल छातीत वाजत होता आणि छातीला ते चालत होतं. उज्वलाने मागून खांद्यावर हात ठेवला. मी कसली चमकबिमक सांगितली नाही.

तिचं अंथरूण आठ दिवसांपासून बाहेरच्या खोलीत आहे. मशीन आतच आहे, मनमाडहून आलंय. झोपताना ती माझ्या मनगटावर बोटं ठेवते आणि ठोके मोजते. मोजता मोजता झोपते. मी जागा राहतो आणि बरं वाटत असतं. अजून पुढे काही नाही. तिने विचारलेलं नाही, मीही नाही.

४ मे

आमचं घर तळमजल्याचं, घरात जिनाच नाही. आज जेवण झाल्यावर उज्वला म्हणाली, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर साबुदाण्याचे पापड घालायचेत, ताट धरायला चला. मी म्हटलं, आपल्या अंगणात ऊन आहे की. तिने ताट माझ्या हातात दिलं. ताटात पापड होते अकरा.

दोन मजले आणि वर गच्ची. पहिल्या मजल्यावर सगुणाबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, एवढ्या उन्हात दोघं? उज्वला म्हणाली, वाळवण. न थांबता चढलो. उज्वला एक पायरी मागे, माझ्या श्वासाकडे कान लावून. गच्चीवर पोचलो. कूलिंग टॉवरची वाफ सरळ वर जात होती आणि आभाळात नुसतीच विरत होती. तिने माझं मनगट धरलं, घड्याळात बघितलं. धाप नव्हती. जबडा नाही, खांदा नाही.

पापड घातलेच नाहीत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो आणि ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. आधी तिला वाटलं चैताली असेल. म्हणून तो फोन केला होता. मग पिंपळगावचं तिकीट सापडलं आणि तिची खात्री झाली. त्या बाईचं घर कसं असेल, ती काय रांधत असेल, हेसुद्धा तिने मनात ठरवलं होतं. मशीन नेलं ते परत न येण्यासाठीच नेलं होतं. मी ऐकत राहिलो. मी तिच्या काळजीचं कौतुक करत होतो आणि ती माझ्याशेजारी बसून रोज संसार उसवत होती.

"दवाखान्यात मी रडले ना, ते घाबरून नाही," ती म्हणाली. "मॅडमनी सांगितलं नळी तुंबलीय, आणि मला आनंद झाला. दुसरी कुणी नाही, नुसतं हृदय बंद पडायला आलंय, म्हणून आनंद झाला मला. त्याची लाज वाटली आणि रडले. नवरा मरायला टेकलाय आणि ही खुश. कसली बाई आहे हो मी?"

मला हसू आलं. खरंच आलं, पोटातून, थांबेना. ती आधी रागावली, मग तिलाही यायला लागलं, ताट हलून पापड सरकले. हसता हसता माझे डोळे भरले. तिच्या गळ्यावर घाम आला होता, कानामागची बट चिकटली होती. ती बट मला बाजूला करावीशी वाटली. मी केली. आणि मग ते आलं. किती महिन्यांनी ते मोजलं नाही. हलकंच आलं, पण ओळखलं मी. मला ती हवी होती. भर उन्हात, परक्या गच्चीवर, ही बाई मला हवी होती.

तसं मी तिला सांगितलं. एवढी वर्षं संसार केला, पण हे वाक्य मी तिला कधी म्हटलं नव्हतं. ती उठली, ताट माझ्याकडून काढून स्वतःच्या हातात घेतलं आणि जिन्याच्या दारात उभी राहून म्हणाली, सावकाश उतरा.